मौजे गोराई येथील होडी

गोराईच्या जानकीबाई कोळिणीची मासेमारीची होडी मी मौजेची होडी म्हणून नोंदवली. नोंदवली, नंबर दिला, मौजेच्या होड्यांना असायचा तसा पांढरा पट्टा तिच्या दोन्ही अंगांना मारायला लावला, आणि फीसुद्धा मौजेच्या दराने घेतली. हे सगळं मी पूर्ण शुद्धीत, सकाळच्या वेळी, चहा पिऊन झाल्यावर केलं.

संपादकांनी पत्रातून कळवलं होतं की दिवाळी अंकासाठी खाडीवरच्या नोकरीतले काही थरारक प्रसंग लिहा. थरारक असं माझ्यापाशी काही नाही. मला पोहता येत नाही. होडीत बसलं की पोटात ढवळतं. सबंध नोकरी मी इतरांना पाण्यावर जायची परवानगी देण्यात घालवली आणि स्वतः होता होईल तो जमिनीवर राहिलो. तेव्हा जे आहे ते सांगतो.

नवे पैसे यायच्या आधीचा काळ. बोरिवली स्टेशनातून खाडीकडे टांगा जायचा त्या रस्त्यावर, मिठागरं सुरू होतात तिथे, आमची कचेरी होती. एक खोली, एक पडवी, आणि भरतीचा वास. उपनगरातल्या खाड्यांत आणि तलावांत जी म्हणून लहान होडी असेल तिची नोंद तिथे व्हायची. होड्यांचे वर्ग तीन. एक मासेमारीची. दुसरी उतारूंची, म्हणजे पैसे घेऊन माणसं पलीकडे पोचवणारी. आणि तिसरी मौजेची. मूळ नियम इंग्रजीत होते, त्यात प्लेझर बोट असा शब्द होता, आणि कुण्या भाषांतरकाराने त्याचं ‘मौजेची होडी’ करून ठेवलं होतं. तो माणूस मला भेटला असता तर मी त्याला चार शब्द ऐकवले असते.

मौजेच्या होडीइतके जाच दुसऱ्या कुठल्याही होडीला नव्हते. तिच्यात मालकाने, त्याच्या कुटुंबाने आणि स्नेह्यांनी फुकट बसायचं. कुणाकडून भाडं घेतलं की गुन्हा. माल नेला की गुन्हा. जाळं दिसलं की गुन्हा. खाडीच्या मुखाबाहेर जायचं नाही, सूर्य बुडायच्या आत काठाला यायचं, आणि बुडणाऱ्याला धरायला माणशी एक बुचाचा तरंडा होडीत हवा. परवान्याची मुदत मार्चअखेर संपे. म्हणजे मौज एकतीस मार्चला बंद व्हायची आणि फी भरली की एप्रिलात पुन्हा चालू व्हायची. एवढ्या कडकपणाचं कारण दारूबंदी. खाडीपलीकडे भट्ट्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि काही कामधंदा नसताना एखादा माणूस नुसता पाण्यावर जातो ही गोष्ट सरकारला पटत नसे. मलाही पटत नसे, पण माझं कारण वेगळं होतं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक मासलेवाईक. घाटकोपरच्या एका डॉक्टरांकडे घडीची कॅनव्हासची होडी होती. रविवारी ती पवईच्या तलावात उघडायची, गळ टाकून बसायचं, आणि संध्याकाळी घडी करून घरी आणायची. अर्जात एक रकाना असे, ‘होडी नांगरून ठेवण्याची जागा’. डॉक्टरांनी लिहिलं, ‘पलंगाखाली’. नियमाप्रमाणे जागेची समक्ष पाहणी करणं मला भाग होतं. मी घाटकोपरला जाऊन डॉक्टरांच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. त्यांच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्यांनी यजमानांना विचारलं, हे गृहस्थ उंदराच्या खात्यातले का.

आणि वांद्र्याचे एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ होते, ते दर एप्रिलला टोपी हातात घेऊन यायचे आणि परवाना नवा करून न्यायचे. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की त्यांची होडी कधीच बुडाली होती. मी विचारलं, मग फी कशाला भरता? ते म्हणाले, परवाना खिशात असला की बरं वाटतं. नियमाप्रमाणे मी तो रद्द करायला हवा होता. केला नाही. पुढच्या एप्रिलला ते आले नाहीत, तेव्हा तो आपोआप रद्द झाला.

आता जानकीबाईंची गोष्ट.

या कचेरीत येण्याआधी मी महसुलात होतो, अंधेरीच्या मामलेदार कचेरीत. सातबारा, फेरफार, चतुःसीमा. ज्यांनी महसुली कागद पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की तिथे कुठलंही गाव एकटं येत नाही. त्याच्या पुढे ‘मौजे’ लागतं. मौजे दहिसर, मौजे एक्सर, मौजे मालाड. तिथे मौजे म्हणजे गाव, बाकी काही नाही. तो शब्द मी इतक्या वेळा लिहिला होता की मामांना खुशालीचं कार्ड टाकतानासुद्धा पत्त्यात मौजे लिहून बसलो होतो.

बोरिवलीला रुजू झालो त्या दिवशीच आमचे हेडक्लार्क वागळे यांनी मला समोर बसवलं. वागळे म्हणजे तपकीर, काळा कोट आणि कमी बोलणं. माझ्या पहिल्याच टिपणात ‘मौजे’ सापडल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“परचुरे, तुमचं ते मौजे-बिजे अंधेरीला ठेवून या. इथे मौज म्हणजे मौज. कागदावर मौज दिसली की होडी तिसऱ्या वर्गात. डोकं लावू नका.”

मी आज्ञाधारक माणूस. डोकं लावलं नाही. महिनाभरात मौजे म्हणजे गाव हे मी इतक्या निष्ठेने विसरलो की वागळ्यांनीही मान डोलावली.

आणि मग आषाढात एके दिवशी जानकीबाईंचा अर्ज आला. बाई लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या. अर्ज मामलेदार कचेरीच्या ओट्यावर बसणाऱ्या अर्जनविसाने लिहिला होता, आणि त्या बिचाऱ्याने जन्मात जमिनीखेरीज कशाचा अर्ज लिहिला नव्हता. विषय त्याने घातला, ‘मौजे गोराई येथील होडीस परवाना मिळणेबाबत’. खाली होडीची चतुःसीमा दिली: पूर्वेस खाडी, पश्चिमेस दर्या, उत्तरेस सरकारी पायवाट, दक्षिणेस अर्जदाराच्या जावेचे कुंपण. मासे हा शब्द सबंध अर्जात एकदाही नव्हता.

माझी नजर ‘मौजे’वर पडली आणि मी डोकं लावलं नाही.

पाहणीला मात्र गेलो होतो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. पण आषाढात होड्या पाण्यात नसतात. त्या काठावर ओढून, वर झावळ्यांचं छप्पर घालून ठेवलेल्या असतात आणि जाळी घरात माळ्यावर गेलेली असतात. जानकीबाईंची होडी तर नवीकोरी, अजून पाणी न लागलेली. तेल पाजलेलं लाकूड, पुढच्या टोकाला हळदकुंकू, झेंडूची माळ. मला वाटलं, हौस आहे. बाई बोरिवलीच्या बाजारात गेल्या होत्या. त्यांचा थोरला मुलगा धर्मा, लग्न झालेला, रुंद खांद्यांचा आणि मितभाषी माणूस, माझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायला उभा राहिला. बाई स्वतःसाठी वापरणार ना? हो. घरची माणसं बसणार? हो. भाड्याने कुणाला देणार नाही? नाय. सगळे नियम माहीत आहेत? हो. सरकारी माणसाच्या समोर लवकरात लवकर सुटायचं असेल तर कसं बोलावं हे धर्माला पक्कं ठाऊक होतं. शेवटी त्याने मला उलट एक प्रश्न विचारला, नंबर नालेवर मारायचा का? नाळ म्हणजे मला घोड्याची तेवढी माहीत. मी म्हटलं, नाळ वगैरे काही नको, होडीवरच मारा. होडीच्या पुढच्या टोकालाच ते लोक नाळ म्हणतात हे मला नंतर कळलं. धर्माने माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हाही तो हो म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी स्वतःशी खूश होतो. कोळीवाड्यातली एक बाई मौजेसाठी होडी बांधते, काळ बदलतो आहे, वगैरे. घरी बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही नीट विचारलंत ना?” तिच्या या सवयीचा मला फार राग येत असे.

नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ पडला, आणि दुसऱ्या दिवशी गोराईच्या होड्या बाहेर निघाल्या. खाडीच्या मुखाशी जकातीची चौकी होती. तिथल्या नाकेदाराने सगळ्या होड्या सोडल्या आणि पांढऱ्या पट्ट्याची एक अडवली. मौजेची होडी, आत जाळं, तोंड दर्याकडे. दोन गुन्हे एका जागी मिळाल्याने तो माणूस हरखून गेला असणार. त्याने धर्माला आणि खलाशांना परत पाठवलं आणि वर्ग बदलून आणल्याशिवाय होडी मुखाकडे दिसता कामा नये असा दम भरला.

त्याच दुपारी जानकीबाई कचेरीत आल्या. डोक्यावर पाटी नव्हती, अंगावर धुवट हिरवं लुगडं होतं, मागे धर्मा. पडवीतूनच आवाज आला.

“परचुऱ्या कोन?”

वागळ्यांनी मान वर न करता हातातला टाक माझ्याकडे रोखला. बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, “तू व्हय? माज्या होरीला पट्टा तू मारलास?”

मी म्हटलं, नियमाप्रमाणे मौजेच्या होडीला—

“कनाची मौज? माजी? मी काळोखान उठतंय, बाजारान बसतंय, घरा जाऊन रांदतंय. मना मौज करायला टायेम कवा, ता सांग.”

त्या घटकेला मला मौजे शब्दाचा जुना अर्थ आठवला. माणसाला घाम कानामागून सुटतो हेही त्या दिवशी समजलं. मी धर्माकडे वळलो. विचारलं, मी पाहणीला आलो तेव्हा तू बोलला का नाहीस? तो शांतपणे म्हणाला, “तुमी इचारलांव, मी हो बोललू.”

मग बाईंनी काय अडलं आहे ते सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज खाली आला. होडीवर चार खलाशी होते, शेजारपाजारचेच. त्यांनी पौर्णिमेला शब्द दिला होता. पण खलाशी बसून राहिला तर त्याचं घर बसून राहतं. मनोरीच्या एका मालकाला माणसं हवी होती आणि त्याने निरोप धाडला होता. चौघं एकादशीपर्यंत थांबणार होते. एकदा मनोरीच्या होडीवर चढले की सबंध मोसम तिकडचे झाले, तशी रीतच. मग दुसरे खलाशी मिळत नाहीत, आणि जानकीबाईंची नवी होडी पुढच्या श्रावणापर्यंत काठावर उलटी पडणार.

मी म्हटलं, काळजी करू नका, मावशी. सरकारी नोकराने हे वाक्य उच्चारलं की समोरच्याने काळजीला लागावं, पण बाई गेल्या.

वागळ्यांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाले, परचुरे, दोन रस्ते आहेत. आखूड रस्ता असा: अर्ज वाचण्यात कारकुनाची चूक झाली, सबब ‘हस्तदोष’ असा शेरा मारून मी सही करतो, आज संध्याकाळी वर्ग बदलतो, उद्या होडी बाहेर. फक्त तो शेरा तुमच्या नावासमोर सेवापत्रकात जातो. दुसरा रस्ता लांबचा: मालकाच्या विनंतीवरून वर्ग बदलणे. त्यात तुमचं नाव कुठेच येत नाही.

खात्याची परीक्षा तोंडावर होती. सेवापत्रक कोरं होतं. एकादशीला अवकाश होता. मी लांबचा रस्ता धरला. वागळे “बरं” म्हणाले आणि जेवणाचा डबा उघडला. त्यांच्या त्या “बरं”चा अर्थ लावायचं मला तेव्हा सुचलं नाही.

मालकाच्या विनंतीला कारणं नियमाने ठरलेली. होडी बुडाल्यास, होडी विकल्यास, मालक मयत झाल्यास, किंवा मालकास मौजेची इच्छा न राहिल्यास. पहिल्या तिन्हींत कुणाचं तरी फार नुकसान होतं. मी चौथं घेतलं आणि बाईंच्या वतीने जबाब लिहिला: ‘सदर होडीतून मी आजपावेतो यथेच्छ मौज केली असून यापुढे मला मौज करावयाची इच्छा राहिलेली नाही.’ भाषा मला तरी घरंदाज वाटली. बोरिवलीच्या बाजारात जाऊन, बोंबलांच्या ढिगामागे बसलेल्या बाईंना मी तो वाचून दाखवला. शेजारच्या कोळणींनी हातातलं काम थांबवून तो ऐकला.

बाई म्हणाल्या, “ह्या कनी लिवला?”

“मी.”

“मंग आंगठा तूच दे.”

पलीकडच्या कोळिणीने पदर तोंडाला लावला. मी बाईंना हळूच एकादशीची आठवण दिली. त्या बराच वेळ कोयत्याचं पातं पुसत बसल्या, मग माझ्या शाईवर अंगठा टेकवला आणि माशाच्या पाण्यात धुऊन टाकला.

पण लांबचा रस्ता लांबच असतो. वर्ग बदलण्याआधी मोठ्या साहेबांनी होडीचा ‘सध्याचा वापर समक्ष पाहणे’ आवश्यक होतं. मौजेची होडी एकाएकी मासेमारीची होते म्हणजे मध्ये काहीतरी काळंबेरं असेल, हा दारूबंदीच्या दिवसांतला हिशेब. साहेबांची फेरी बुधवारी होती, एकादशी गुरुवारी. मी धर्माला निरोप दिला की बुधवारी सकाळी दहाला होडी बोरिवलीच्या धक्क्याला आण, आईला आत बसव, साहेबांना खाडीत एक फेरी मारून आणायची आहे. दहा वाजता चालेल ना? धर्माने उलट निरोप पाठवला, हो.

भरती-ओहोटीचं कोष्टक माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं. दर वर्षी मी जुनं काढून नवं घालत असे. वाचत नसे.

मोठे साहेब शिडशिडीत गृहस्थ, सोलाटोपी घालणारे, कधी आवाज न चढवणारे. बुधवारी दहा वाजता ते धक्क्याला आले तेव्हा होडी खाली बरीच खोलात दिसत होती आणि धक्क्याच्या पायऱ्यांना ओला चिखल होता. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. जानकीबाई होडीत मधोमध, पाठ ताठ करून बसल्या होत्या. तेव्हा मला माहीत नव्हतं ते पुढे धर्माने सांगितलं: त्यांच्याकडे बाया होडीतून मासेमारीला जात नाहीत. होडीचं लाकूड ठरवण्यापासून सुताराशी भांडण्यापर्यंत सगळं बाईंनी केलं होतं, पण आपल्या होडीत त्या त्या दिवशी पहिल्यांदाच बसल्या होत्या.

धर्माने वल्हं मारलं. होडी तिवरांच्या बाजूने थोडी पुढे गेली, खालून सुसकारा टाकल्यासारखा आवाज झाला, आणि थांबली. पाणी ओसरत होतं. बघता बघता आमच्या चारी बाजूंनी करडा, चकाकता चिखल वर आला आणि त्यात लहान खेकडे हिंडू लागले.

साहेबांनी विचारलं, किती वेळ?

“पानी येल तवा,” धर्मा म्हणाला.

होडी जराही हलत नव्हती, तरी माझ्या पोटात ढवळायला लागलं. मी कडेवरून बाहेर वाकलो. त्याचं वर्णन दिवाळी अंकात करत नाही.

साहेबांनी शिष्टाचार म्हणून तोंड फिरवलं आणि कामाला लागले. बाईंना विचारलं, “बाई, या होडीतून तुम्ही मौज करता?”

“करतंय ना. होरी चिखलान, यो मास्तर ओकतंय, तुमी टोपी घालून बसलाव. आजून काय रायला?”

साहेब हसले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “खरं काय ते सांगा.”

बाईंनी आधी गोराईच्या किनाऱ्याकडे पाहिलं. तिथून त्यांचं घर दिसत होतं. घर किती बारीक दिसतं, असं काहीतरी त्या स्वतःशी बोलल्या. मग साहेबांकडे वळल्या.

“सायबा, उद्या माजं खलाशी मनोरीला जातान. मंग यी होरी यंदा उलटीच पडंल. माज्या मालकाला होरी बांदायची व्हती, तो बांदायच्या आदी गेला. मी गल्यातला सोना मोडला नि बांदली. मासं मारायला बांदली. मौज का काय ती मना ठाव नाय. त्या मास्तरनी कागूद आनला, मी आंगठा दिला. तुमाला काय लिवायचा ता लिवा, पन आज लिवा.”

साहेबांनी हात पुढे केला आणि मी प्रकरण त्यांच्या हातात दिलं. माझा घरंदाज जबाब त्यांनी बाजूला सारला आणि मूळ अर्ज काढला. विषय वाचला. चतुःसीमा वाचली, आणि मान वर करून चारी बाजूंचा चिखल पाहिला.

“परचुरे, यात मौज कुठे आहे?”

“मौजे असं आहे, साहेब.”

“या आधी कुठे होता?”

“महसुलात.”

“तिथे मौजे म्हणजे काय?”

“गाव, साहेब.”

त्यांनी आणखी एकच गोष्ट विचारली: हे वागळ्यांच्या सहीने त्याच दिवशी होण्यासारखं होतं, मग का झालं नाही? मी सेवापत्रक, परीक्षा, हस्तदोष असं काहीतरी पुटपुटलो. चिखलात रुतलेल्या होडीत, रुमालाने तोंड पुसत, ते कारण मलाच फार लहान वाटलं. साहेबांनी फाउंटन पेनचं टोपण काढलं आणि गुडघ्यावर कागद धरून लिहिलं: ‘कारकुनाचा हस्तदोष. वर्ग मासेमारी. पट्टा तात्काळ काढावा. जादा घेतलेली फी परत करावी.’ सही केली, फुंकर मारून शाई वाळवली आणि कागद माझ्याकडे न देता बाईंकडे दिला. बाईंनी तो उलटा धरून पाहिला, घडी केली आणि कमरेला खोचला.

मग आम्ही पाण्याची वाट पाहत बसलो. साहेबांनी बाईंना पापलेटं कुठल्या महिन्यात चांगली मिळतात ते विचारलं. बाईंनी सांगितलं, आणि शहरात कोण कोण कसं फसवतं तेही सांगितलं. साहेब सगळं लक्ष देऊन ऐकत होते. माझ्याशी कुणी बोललं नाही. तो शेरा माझ्या सेवापत्रकात त्यांच्या नेटक्या अक्षरात अजून असेल. त्या वर्षी मी परीक्षेलाही बसलो नाही. पुढच्या वर्षी बसलो आणि नापास झालो, त्याचा मात्र या प्रकरणाशी संबंध नाही.

पाणी चढलं, होडी आपसूक उचलली गेली, आणि साहेब धक्क्याला उतरून टांग्यात बसून गेले. मी मागे राहिलो, कारण ‘पट्टा तात्काळ काढावा’ याची पूर्तता झाल्याचं मला लिहून द्यायचं होतं. धर्माने होडी गोराईच्या काठाला लावली आणि डांबराचा डबा आणला. बाईंनी ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. ऑफिसचा कोट झावळीवर टांगून मी दोन्ही पट्टे पुसले. डांबर माझ्या सदऱ्याला किती आणि होडीला किती लागलं यावर पुढे घरी वाद झाला.

माझं काम चाललं होतं तेवढ्यात ते चौघं खलाशी आले. आधी लांब उभे राहिले. धर्माने होडीकडे हात केला. त्यांतला एक वयस्क होता, त्याने जवळ येऊन पट्ट्याच्या जागी बोट लावलं, डांबर ओलं आहे याची खात्री केली आणि बोट माझ्या बाहीला पुसलं. मग चौघांनी माळ्यावरून जाळं उतरवलं आणि खांद्यांवर घेऊन, एकापाठोपाठ एक, होडीत नेऊन टाकलं. मनोरीला जायची गोष्ट कुणी काढली नाही. सकाळच्या ओहोटीला निघायचं ठरलं. जानकीबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून जाळं नीट रचलं जातं आहे की नाही ते पाहत होत्या आणि न रचणाऱ्याला शिव्या देत होत्या.

माझं मन एकदम भरून आलं. डांबराचे हात पुढे न करता जेवढा रुबाब आणता येईल तेवढा आणून मी म्हटलं, मावशी, झालं गेलं विसरून जा. पुढे कचेरीत कधी काही काम निघालं तर दुसऱ्या कुणाकडे जाऊ नका, सरळ माझ्याकडे या.

बाईंनी जाळ्यावरून नजर काढली नाही.

“काम असल तवा यीन,” त्या म्हणाल्या. “पन तू रजेवर कवा असतंस, ता आदी सांग.”